जुन्या डिझेल पिकअपची ऑईल गळती: पॅकिंग आणण्याआधी इंजिनाचा श्वास तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे. आर्वी तालुक्यातल्या एका शेतकरी भावाकडे २००८ ची डिझेल पिकअप आहे, २५२३ सीसीचं डीआय टर्बो इंजिन. दिवाळीनंतर कापूस जिनिंगला, मग संत्रा मंडीत, येताना ढेप आणि खत. टॅपेट कव्हर (इंजिनाचं वरचं झाकण), चेंबर (इंजिनाखालचं ऑईलचं भांडं), पुढची पुली आणि गिअरबॉक्सचा सांधा अशा चारही ठिकाणांहून ऑईल गळतं. गेल्या वर्षी गावातल्या मिस्त्रीकडून पूर्ण पॅकिंग सेट टाकून घेतला, तीन महिन्यांत पुन्हा तेच. आता हे काम स्वतः घरी करायचं आहे. जमेल का, कसं करायचं, पॅकिंग कोणतं आणायचं?

भाऊ, काम जमेल. ज्याच्या हाताला पान्ह्याची सवय आहे त्याला यातलं बरंचसं काम अंगणात करता येतं. पण पॅकिंग आणायला आत्ताच जाऊ नका. नवा सेट टाकूनही चारही जागा तीन महिन्यांत पुन्हा सुटल्या, यातच निम्मं उत्तर आहे. एखादं सील खराब निघू शकतं, एखादं पॅकिंग वाकडं बसू शकतं. चार जागा एकदम सुटतात तेव्हा आतून काहीतरी ढकलतंय असं समजायचं. मी यवतमाळ-दारव्हा रस्त्यावर एकतीस वर्षं डिझेल इंजिनं उघडतोय, आणि दुसऱ्यांदा गळती घेऊन आलेल्या गाडीचं पॅकिंग मी कधीच आधी बघत नाही. आधी ब्रीदर बघतो.

आत काय होतं ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. डीआय इंजिनात पिस्टन हवेला साधारण सतरा-अठरा पट दाबतो. त्यातली थोडी हवा, आणि डिझेल पेटल्यावरचा थोडा गॅस, रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये उतरतोच. नव्या इंजिनातही उतरतो. त्याला बाहेर जायला कंपनीने ब्रीदरची वाट दिलेली असते. रिंगा झिजल्या की गॅस जास्त उतरतो. ब्रीदर तुंबला की तो बाहेर जात नाही. दोन्हीपैकी काहीही झालं तरी चेंबरमध्ये दाब साठतो आणि जिथे नरम जागा सापडेल तिथून तो ऑईल घेऊनच बाहेर पडतो. आपल्याकडे याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. ऑईल सीलची कड हा दाब अडवायला केलेलीच नसते. फिरत्या शाफ्टवरचं ऑईल पुसून आत ठेवणं एवढंच तिचं काम. मागून सतत दाब आला तर नवं कोरं सीलही ओलं होणार.

तपासणी फुकटची आहे. इंजिन चांगलं गरम करा, आयडलवर ठेवा, ऑईल भरायचं झाकण काढून त्याच तोंडावर उलटं ठेवा. झाकण जागेवर थरथरत राहिलं तर ठीक. नाचायला लागलं, उडून पडलं, किंवा तोंडातून ठोक्याठोक्याला धूर यायला लागला, तर बॅक कॉम्प्रेशन आहे. मग ब्रीदरचा पाईप इंजिनापासून सोडा आणि झाकण पुन्हा ठेवून बघा. पाईप सोडल्यावर झाकण शांत झालं तर दोष पाईपचा किंवा त्याच्या पुढच्या जाळीचा आहे, इंजिन चांगलं आहे.

घाटंजीकडची एक पिकअप माझ्याकडे आली होती, तीन वेळा पॅकिंग बदललेली. मालक इंजिन उतरवायच्याच तयारीत होता. ब्रीदरचा पाईप सोडला, तोंडाने फुंकला, हवा जाईना. तार घातली तर खालच्या टोकातून मातीचा गोळा निघाला. कुंभारीण माशीने पाईपच्या तोंडात घर केलं होतं, गाडी पावसाळ्यात दोन महिने झाडाखाली उभी होती तेव्हा. पाईप धुतला, जाळी रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवली, चेंबरचे बोल्ट जरा आवळले. एकही पॅकिंग बदललं नाही आणि गाडी कोरडी झाली. सगळ्यांच्याच बाबतीत इतकं सोपं नसतं. बहुतेक वेळा जाळीत काळा चिकट गाळ साचलेला असतो. पण बघायला दहा मिनिटं लागतात, म्हणून आधी हेच बघा.

ब्रीदर मोकळा असूनही झाकण नाचतंय, तर रिंगा किंवा बोअर. कोणता सिलिंडर मारतोय तेही घरी कळतं. आयडलवर एका नोझलचा पाईप-नट अर्धा आटा सैल करा, म्हणजे त्या सिलिंडरला डिझेल मिळणार नाही. झाकणाकडे बघा. ज्या सिलिंडरचं डिझेल तोडल्यावर धूर आणि नाचणं स्पष्ट कमी होतं, तोच झिजलेला. चारही आलटून पालटून बघा. हे करताना हात आणि चेहरा पाईपपासून दूर ठेवा, सैल नटावर फडकं टाका. ही पद्धत फक्त जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीला. ज्यांच्या पिकअपला एम-टू-डीआयसीआर किंवा दुसरं कुठलंही कॉमन रेल इंजिन आहे, त्यांनी चालू इंजिनात पाईप सैल करण्याचा विचारही करू नये. त्या रेलमधला दाब हजार बारच्या वर जातो. जुन्या पंपाची धारसुद्धा दोनशे बारच्या आसपास नोझल उघडते आणि कातडीतून आत शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढी जखम दिसते, आतून हात सडतो. असं कधी झालं तर हळद लावून घरी बसू नका, त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात सर्जनकडे जा आणि डिझेल दाबाने आत शिरलंय हे स्वतःहून सांगा.

रिंगा गेल्याचं निघालं तर नुसतं पॅकिंग बदलण्यात पैसे घालू नका. त्याच्याआधी रिंगा का गेल्या ते शोधा. आपल्या भागात उत्तर बहुतेक वेळा एअर फिल्टर आणि टर्बो यांच्यामधल्या रबरी पाईपात असतं. तो पाईप काढा, पांढरं धुतलेलं फडकं बोटाला गुंडाळा, आतून फिरवा. ऑईलचा हलका काळेपणा निघाला तर चालेल. फडक्यावर बारीक, बोटांना खरखरीत लागणारी मातकट पूड आली, तर फिल्टरच्या पुढे धूळ जातेय. रबराला चीर आहे किंवा क्लिप सैल आहे. पांदण रस्त्यावर फेब्रुवारी ते मे पिठासारखी धूळ उडते. तीच रिंग आणि बोअरच्या मध्ये पॉलिश पेपरसारखं काम करते. पाईपची चीर तशीच ठेवून नवा बोअर केला तर तोही त्याच वाटेने जाईल.

तुमचं इंजिन टर्बोचं आहे म्हणून आणखी एक. टर्बोचं ऑईल परत चेंबरमध्ये येतं ते नुसतं उताराने, त्याला मागून ढकलणारं काही नाही. चेंबरमध्ये दाब असेल तर ते ऑईल खाली उतरत नाही, टर्बोतच साचतं आणि सीलच्या बाजूने हवेच्या पाईपात किंवा सायलेन्सरमध्ये जातं. गाडी निळा धूर मारते आणि लोक नवा टर्बो घेऊन येतात. टर्बो बदलण्याआधी ब्रीदर आणि टर्बोचा परतीचा पाईप बघा. हे मी दर आठवड्याला कोणाला ना कोणाला सांगतो.

आता समजा बॅक कॉम्प्रेशन नाही, किंवा होतं ते सुटलं. तरीही गळणाऱ्या जागचं रबर कडक झालेलं असेल तर ते बदलावं लागेलच. रबर कडक होतं ते उष्णतेने. मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर असते, त्यात तुमची गाडी जिनिंगच्या आवारात उभी राहते. रेडिएटरसमोर बसून एकदा टॉर्च मारून बघा. रुईचे बारीक धागे जाळीत बसतात, त्यावर धूळ बसते, आणि समोरून पांघरूण घातल्यासारखं होतं. पंख्याच्या बाजूने हलक्या दाबाचं पाणी मारून ते बाहेर ढकला. समोरून मारलं तर ते आणखी आत रुततं. रेडिएटर मोकळा न करता नवी सीलं टाकली तर ती दोन उन्हाळ्यांत पुन्हा कडक होतील.

गळती नेमकी कुठून, हे ठरवल्याशिवाय काही उघडू नका. ऑईल वरून खाली येतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे जातं. टॅपेट कव्हरचं ऑईल ब्लॉकवरून उतरून चेंबरच्या मागच्या कोपऱ्यात थेंब धरतं आणि मिस्त्री म्हणतो मागचं सील गेलं. म्हणून ओली दिसणारी सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा शोधायची. इंजिन थंड असताना डिझेल आणि ब्रशने धुवा. पेट्रोलने कधीच नाही. अल्टरनेटर, स्टार्टर यांना प्लास्टिक बांधा. गरम पंपावर थंड पाणी मारू नका. धुतल्यावर पूर्ण वाळू द्या आणि संशयाच्या सांध्यांवर अंगाला लावायची साधी पावडर कापडातून झटका. दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालवा, गावाला एक चक्कर मारा, मग टॉर्चने बघा. पांढऱ्यावर ऑईलची रेघ जिथून सुरू होते ती जागा खरी.

गिअरबॉक्सच्या सांध्यातून पडणारा थेंब बोटावर घेऊन वास घ्या. काळं, पातळ आणि जळकट असेल तर इंजिन ऑईल. दाट असेल आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर ते गिअर ऑईल, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढचं सील. इंजिनाचं मागचं सील बदलूनही गळती न थांबल्याच्या किती तरी गाड्या याच चुकीच्या आहेत.

काम कधी काढायचं? माझ्या मते श्रावणात, पोळ्याच्या आधी. कापसाच्या फेऱ्या सुरू व्हायला वेळ असतो आणि मुख्य म्हणजे हवेत धूळ नसते. उघड्या इंजिनाचा सगळ्यात मोठा शत्रू धूळ. फक्त वर पक्कं छप्पर आणि खाली पक्की जमीन हवी. काळ्या मातीवर गाडी जॅकवर चढवू नका. ओली असली की जॅक आत जातो, वाळली की भेगांवर डोलतो. कोठ्यासमोरचा सिमेंटचा ओटा बरा. जॅक फक्त उचलायला, गाडी टेकवायची ती दोन लोखंडी घोड्यांवर, आणि काढलेलं एक चाक चेसिसखाली आडवं सरकवून ठेवायचं. विटांवर गाडी ठेवून खाली झोपू नका. वीट वाकत नाही, एकदम फुटते. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. पोरं आणि जनावरं त्या ओट्यापासून लांब बांधा, कारण रेडिएटरच्या कूलंटला गोड चव असते आणि ते विषारी आहे.

हत्यारांत टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पान्हा) आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) हवंच, बाकी गोट्या (सॉकेट) आणि रिंग पान्हे असतीलच. तुमच्या इंजिनाचा बोअर ८८.९ आणि स्ट्रोक १०१.६ मिमी, म्हणजे बरोबर साडेतीन आणि चार इंच. जुनी इंची घडण आहे ही. त्यामुळे हरवलेल्या बोल्टच्या जागी डब्यातला दिसायला सारखा बोल्ट लावताना हाताने तीन-चार आटे सहज गेले तरच पुढे पान्हा लावा. टाटा २०७ डीआयवाल्यांसाठी सांगतो, तुमचं ४९७ म्हणजे ४ सिलिंडर, ९७ मिमी बोअर, २९५६ सीसी. पॅकिंग मागताना गाडीच्या नावासोबत इंजिनाचा नंबर सांगा, एकाच नावाच्या गाडीत दोन-तीन प्रकारची इंजिनं येऊन गेली आहेत.

चेंबरपासून सुरू करू. ऑईल गरम असताना काढा, डब्यात भरा आणि शहरातल्या जुनं ऑईल घेणाऱ्याला द्या. बांधावर, नाल्यात ओतू नका, ते आपल्याच विहिरीत उतरतं. चेंबर उतरला की जुनं पॅकिंग लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. ग्राइंडरला वायर ब्रश लावून ब्लॉकखाली फिरवू नका, तारा तुटून क्रँकच्या बेरिंगपाशी जातात. मग चेंबरची कड उलटी करून डोळ्याच्या पातळीला धरा. आधीच्या मिस्त्रींनी बोल्ट दाबून दाबून प्रत्येक भोकाजवळ पत्रा वर उचलला गेलेला दिसेल, छोट्या वारुळासारखा. असा चेंबर कितीही पॅकिंग टाका, दोन बोल्टांच्या मधून गळणारच, कारण तिथे दाबच पडत नाही. सागाच्या ओंडक्यावर ती कड ठेवा आणि हातोडीने प्रत्येक भोक हळू ठोकून सपाट करा. सरळ लोखंडी पट्टी लावून खात्री करा. या अर्ध्या तासाचा गळती थांबण्यात जेवढा वाटा आहे तेवढा महागड्या पॅकिंगचाही नाही.

सिलिकॉनबद्दल कळकळीने सांगतो. बूच पॅकिंग किंवा रबरी पॅकिंग असेल तर सिलिकॉन लागतच नाही, फार तर जिथे दोन भागांचा सांधा येतो त्या कोपऱ्यात मुगाच्या दाण्याएवढं. जिथे कंपनीनेच पॅकिंगऐवजी सिलिकॉन दिलंय तिथे दोन-तीन मिलिमीटर जाडीची एकसंध रेघ, बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूने. दाबल्यावर जेवढं बाहेर येताना दिसतं तेवढंच आतही येतं, आणि आतलं आपल्याला दिसत नाही. राळेगावकडची एक गाडी बेरिंग जाम होऊन माझ्याकडे ओढत आणली होती. चेंबर उतरवला तर ऑईल पंपाच्या जाळीला निळ्या सिलिकॉनचे गांडुळासारखे तुकडे चिकटलेले, जाळीचा पाव भागही मोकळा नव्हता. गळती थांबावी म्हणून कोणीतरी अख्खी ट्यूब चोपडली होती. गळती थांबली आणि क्रँक गेला.

पृष्ठभाग ऑईलमुक्त करा, थिनरने पुसा, वाळू द्या, मग रेघ ओढा आणि दहा मिनिटांच्या आत चेंबर बसवा. बोल्ट आधी सगळे हाताने, मग मधून बाहेर आळीपाळीने. सहा मिमीच्या साध्या ८.८ बोल्टला सुमारे १० न्यूटन-मीटर, आठ मिमीला सुमारे २५ पुरतात, आणि बूच पॅकिंगवर तर त्याहूनही कमी. पॅकिंग कडेने फुगायला लागलं की थांबा. सिलिकॉन सुकतं ते हवेतल्या ओलाव्याने. म्हणून पावसाळ्यात २४ तास पुरतात, पण कोणी एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हे काम करत असेल तर त्याने दीड-दोन दिवस थांबावं आणि मगच ऑईल भरावं.

पुढचं क्रँक सील. पुलीचा मोठा नट सोडायला गाडी टॉप गिअरमध्ये टाका, ब्रेकवर एकाला बसवा. पुली ठोकून काढू नका, पुलर लावा. सील काढण्याआधी ते किती खोल बसलंय ते मोजून लिहून ठेवा. मग पुलीचा तो चकचकीत गळा, जिथे सील घासतं, तिथे नख फिरवा. नख अडलं तर रबराने लोखंडाला खाच पाडली आहे. नवं सील पुन्हा त्याच खाचेत बसवलं तर पहिल्या दिवसापासून ओलं राहील. खाच हलकी असेल आणि सील बसतं त्या खोबणीत जागा असेल तर नवं सील दीड-दोन मिलिमीटर पुढे किंवा मागे बसवा, म्हणजे त्याची कड कोऱ्या लोखंडावर येईल. खाच खोल असेल तर पुलीवर बसवायची पातळ पत्र्याची स्लीव्ह मिळते, किंवा लेथवाल्याकडून बुश चढवून घ्या.

सीलची स्प्रिंगवाली बाजू इंजिनाच्या आत. साध्या रबरी सीलच्या कडेला ऑईलचा हात लावा, कोरडं फिरवलं तर पहिल्याच मिनिटात कड जळते. पण कड पांढरट किंवा करड्या टेफ्लॉनची, स्प्रिंग नसलेली असेल तर उलटं, ते सील कोरडंच बसवायचं असतं. बसवताना हातोडी थेट सीलवर नको. सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढा पाईपचा तुकडा किंवा जुनं सीलच वर ठेवून चारही बाजूंनी थोडं थोडं ठोका. तिरकं गेलेलं सील परत काढून सरळ करू नका, दुसरं आणा. आणि सील घेताना व्हिटॉन मागा. साधं नायट्राईल रबर शंभर-सव्वाशे अंशांच्या आसपास कडक व्हायला लागतं, व्हिटॉन दोनशेच्या आसपास टिकतं. आपल्या उन्हाळ्यात हा फरक पैशांपेक्षा मोठा आहे.

टॅपेट कव्हर सोपं. ते उघडलंच आहे तर टॅपेट बघून घ्या. गॅप किती ते तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात असेल, थंड की गरम तेही बघा. कोणता टॅपेट कधी, यासाठी एक हिशेब लक्षात ठेवा: १-३-४-२ या क्रमाने पेटणाऱ्या चार सिलिंडर इंजिनात हलणाऱ्या आणि सेट करायच्या सिलिंडरच्या नंबरांची बेरीज पाच. चौथ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलत असतील, एक मिटतोय आणि एक उघडतोय, तेव्हा पहिल्याचे सेट करा. दुसरा हलतोय तेव्हा तिसरा, पहिला हलतोय तेव्हा चौथा, तिसरा हलतोय तेव्हा दुसरा. क्रँक नेहमी चालण्याच्याच दिशेने फिरवा.

हेड उघडायचं का? रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, पाणी कमी होत नाही, डिपस्टिकवर दुधाळ चहासारखं काही नाही, तर हेडला हात लावू नका. पॅकिंग सेटमध्ये हेड पॅकिंग आलंय म्हणून ते बदललंच पाहिजे असं नाही. उघडावं लागलंच तर हेड सरळ पट्टी आणि फिलर गेजने उभं, आडवं, कर्णात तपासा. ०.१ मिमीच्या आसपास फट दिसली तर लेथवर फेसिंग, म्हणजे घासून सपाट करून घ्या. जुन्या हेड पॅकिंगच्या कडेला खाचा किंवा भोकं असतील तर तेवढ्याच खुणांचं नवं आणा, ती जाडीची खूण असते. ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांत ऑईल-पाणी राहू देऊ नका. त्यावर बोल्ट आवळला की अडकलेलं पाणी ब्लॉकच फोडतं. आवळणी मधून बाहेर, तीन टप्प्यांत, पुस्तकातल्या आकड्याने.

मागचं सील मात्र मी तुम्हाला एकट्याने करायला सांगणार नाही. गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि तो छातीवर घेण्याची वस्तू नाही. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा. सकाळी दोन-चार थेंब असतील तर क्लच प्लेट बदलेपर्यंत थांबा आणि दोन्ही कामं एकत्र करा. तेव्हा गिअरबॉक्सचं पुढचं सीलही त्याच हाताने बदला. क्लचवर ऑईल जाऊन गाडी चढावर घसरायला लागली असेल तर थांबण्यात अर्थ नाही. मग चेन ब्लॉक, पक्का आधार आणि दोन जाणती माणसं घेऊनच गिअरबॉक्स काढा. प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही फ्लँजवर आधी छिन्नीने खूण करा, नाहीतर गाडी थरथरेल.

डिझेलच्या बाजूला नोझल आणि पंप उघडू नका, ते पंपवाल्याच्या टेबलाचं काम. घरी करायचं ते तांब्याची वॉशर आणि परतीच्या बारीक पाईपांचं. बॅन्जो बोल्टची (पाईप जोडायच्या पोकळ बोल्टची) जुनी तांब्याची वॉशर लालबुंद तापवून पाण्यात टाकली की पुन्हा मऊ होते आणि चालते. नोझलच्या बुडातली मात्र नवीच घ्या, तेवढ्याच जाडीची. डिपस्टिकवर ऑईलची पातळी न भरता वाढत असेल आणि ऑईलला डिझेलचा वास येत असेल, तर फीड पंपाचा पडदा किंवा पंपाचं सील गेलंय. अशी गाडी चालवू नका. वाढलेलं पातळ ऑईल ब्रीदरमधून हवेच्या वाटेत ओढलं गेलं तर इंजिन स्वतःचंच ऑईल जाळत पळत सुटतं, चावी बंद केली तरी थांबत नाही. गाडीत बसलेले असाल तर टॉप गिअर टाका, ब्रेक पूर्ण दाबून धरा आणि क्लच सोडा. बाहेर असाल तर हवेच्या तोंडावर लाकडी फळी दाबा, हात नाही.

सगळं जोडून झालं की फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंपाने बुडबुडे संपेपर्यंत एअर काढा. ऑईल १५डब्ल्यू-४० डिझेल ग्रेडचं, डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या जरा खालीच. स्टॉप वायर ओढून धरा आणि दहा-दहा सेकंद दोन-तीन वेळा नुसता स्टार्टर मारा, म्हणजे टर्बो आणि बेरिंगपर्यंत ऑईल पोचेल. ऑईलचा दिवा विझला की मग सुरू करा आणि पाच मिनिटं रेस न देता चालू द्या.

पहिल्या रात्री गाडीखाली नवा पुठ्ठा पसरा आणि त्यावर पुढच्या चाकांची जागा पेनाने आखून ठेवा, म्हणजे सकाळचा डाग कोणत्या सांध्याखालचा ते कळेल. पाचशे किलोमीटरला ऑईल आणि फिल्टर पुन्हा बदला. ऑईल काढण्यासाठी इंजिन गरम कराल तेव्हा भरायचं झाकण त्याच तोंडावर परत एकदा उलटं ठेवून बघा.